नदाफ मास्तरांचे कान

सोमवार, ता. ८ सप्टेंबर १९१३

हेडमास्तर खासनीस यांनी आज आम्हा सगळ्या शिक्षकांना एकेक कागद भरायला दिला. दिवाळीनंतर डेप्युटी साहेब शाळा तपासायला येणार, त्याआधी प्रत्येकाची माहिती कचेरीत जायला हवी. नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा, वय, शिक्षण, पास केलेल्या परीक्षा. मी उभ्या उभ्या भरून टाकला. रशीद बाबालाल नदाफ. बाप पिंजारी, राहणार हातकणंगले. वय सत्तावीस. मराठी शाळेची शेवटची परीक्षा पास, दोन वर्षं ट्रेनिंग, इंग्रजी तीन इयत्ता घरी अभ्यास करून. सध्या मिडल स्कुलात मराठी आणि गणित. संपलं.

कागद परत देताना हेडमास्तरांनी काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "होय." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा काहीतरी विचारलं. मी पुन्हा म्हणालो, "होय साहेब." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कागद बाजूला ठेवला.

बाहेर शेजारच्या वर्गाचे सयाजीराव माने उभे होते. त्यांना विचारलं, काय म्हणत होते हेडमास्तर?

"अवो, इचारत हुते, वय पक्कं हाय का अदमासं? तुमी म्हनला व्हय. मग त्यांनी इचारलं, व्हय म्हंजे पक्कं का अदमासं? तर तुमी परत व्हय!" आणि सयाजीराव पोट धरून हसले. मीही हसलो.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून ही वही सुरू केली आहे. मला ऐकू कमी येतं. गेल्या वर्षी कधीतरी सुरू झालं असावं. कोल्हापूरचं एक बरं आहे, इथली माणसं मुळातच मोठ्यानं बोलतात. भाजीवाली एका दारात बोलली की गल्लीच्या टोकाला कळतं. त्यामुळं मला बरेच महिने पत्ताच लागला नाही. हळू बोलणारी माणसं तेवढी एकेक करून हरवत गेली. हेडमास्तर हळू बोलतात. माझी बायको खतिजा हळू बोलते.

शाळेत अजून कुणालाही शंका आलेली नाही.

रविवार, ता. १४ सप्टेंबर

त्या कागदावर 'शिक्षण' या शब्दापुढं अर्धी ओळ जागा होती. त्यात काय मावणार? इथं लिहितो.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. हातकणंगल्याला शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची, आणि देवळाला लागून असलेल्या परड्यात अब्बा लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा. माझं काम उडालेला कापूस गोळा करायचं. इकडे अब्बाची पिंजायची धनुकली वाजायची आणि भिंतीपलीकडून पोरं पाढे म्हणायची. दोन वर्षांत मला सगळे पाढे आले. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी आली. कविता आल्या. धडे आले. एकही अक्षर न बघता.

एके दिवशी भिकाजीपंत गुरुजींनी औटकी विचारली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एकाही पोराला येईना. छडीचे आवाज मला इकडे ऐकू येत होते. मला राहवलं नाही, मी भिंतीअलीकडून ओरडून अख्खी औटकी म्हटली. पंत बाहेर आले. "कुणाचा रे तू?" अब्बानं धनुकली खाली ठेवली आणि हात जोडले, त्याला वाटलं पोरानं काही आगळीक केली. पंतांनी माझ्या हातात पुस्तक दिलं. म्हणाले, "वाच." मी पहिला धडा घडाघडा म्हणून दाखवला. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, सुलटं केलं आणि परत दिलं. मी ते उलटं धरलं होतं.

पंतांनी अब्बाला सांगितलं, पोराला शाळेत घाल. अब्बा म्हणाला, "पिंजाऱ्याच्या पोराला अक्षरं कशाला जी? कापसावर काय लिवलेलं असतंय व्हय?" पण माझी आई ताजबी म्हणाली, जाऊ द्या, इथं तरी कापसाहून जास्त पाढेच गोळा करतोय. मी ओसरीखालच्या पायरीवर बसून शिकलो. मला वर बस असं कुणी म्हणालं नाही, मीही बसलो नाही.

बाराव्या वर्षी कोल्हापुरात मामाकडे आलो. मामा शनिवार पेठेत शिंपीकाम करायचा. इथल्या शाळेत मी तोंड उघडलं की पोरं हसायची, कारण मी 'पाणी'ला 'पानी' म्हणायचो. घरची बोली वेगळी, त्यात 'ण' नव्हताच. मी महिनाभर तोंड मिटून नुसतं ऐकलं. कुठं न, कुठं ण, कुठं ल, कुठं ळ. महिन्यानं बोलायला लागलो तेव्हा हसायला कुणाला जागा राहिली नाही. सतराव्या वर्षी गारगोटीच्या शाळेत असिस्टंट. तिथून ट्रेनिंगला आलो, शुद्धलेखनात पहिला आलो. परीक्षकांनी विचारलं, नदाफ, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही कसं लक्षात ठेवता? मी म्हणालो, लक्षात नाही ठेवत, ऐकू येतं.

लिहिता लिहिता हात थांबला. जे काही मला मिळालं ते या दोन भोकांतून मिळालं.

शुक्रवार, ता. १९ सप्टेंबर

आज गुंडूला वर्गाबाहेर उभा केला. पहिल्या बाकावरचा, कुंभारवाड्यातला पोरगा. हुशार आहे, पण अलीकडे फार आगाऊ झाला आहे. मागच्या बाकावरच्या कुणी उत्तर दिलं की हा तेच उत्तर माझ्याकडे तोंड करून मोठ्यानं पुन्हा म्हणतो. मी म्हणालो, "तुला विचारलं का मी? दुसऱ्याचं श्रेय घेतोस?" तो मान खाली घालून उभा राहिला. मागची पोरं एकमेकांकडे बघत होती.

मंगळवार, ता. २३ सप्टेंबर

गुंडू सुधारलेला नाही.

मधल्या सुट्टीत सयाजीराव आले. म्हणाले, "नदाफ मास्तर, एक काम करा की. तुमच्या वर्गाचं सुद्दलेकन आनि तोंडी हिशेब मी घेतो. माज्या वर्गाचं पुस्ती आनि नकाशं तुमी बघा. माजं अक्षर म्हंजे कोंबडीचं पाय, पोरं काय शिकनार?"

जो माणूस शुद्धलेखनाला सुद्दलेकन म्हणतो तो माझ्या वर्गाला शुद्धलेखन घालणार! पण त्यांनी दंडाला धरून इतका आग्रह केला की हो म्हणालो. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. पुस्ती तपासायला कान लागत नाहीत.

संध्याकाळी दुसराच विचार आला. साहेब आले की ते तोंडी परीक्षाच बघतात. दोन्ही वर्गांचं तोंडी काम सयाजीरावांकडे, आणि मी नकाशे रंगवत बसलेला. सयाजीराव माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जुने, पण ट्रेनिंग झालेलं नाही. बढती मला मिळेल असं सगळे म्हणतात. माणसाच्या मनात काय असतं सांगता येत नाही.

रविवार, ता. ५ ऑक्टोबर

खतिजा हल्ली बोलत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, पण असं कधी नव्हतं. पूर्वी जेवताना दिवसभराचं सगळं सांगायची; नळावर कोण भांडलं, कुणाची शेळी व्याली. आता ताट ठेवते आणि समोर बसून नुसतं बघते. काही पाहिजे असलं तर येऊन बाहीला हात लावते. मी विचारलं, "रागावलीस का?" तिनं मान हलवली. बायका मनातलं सांगत नाहीत. गरिबाच्या घरात पडल्याचं आता वाटत असेल.

आज सकाळी मी हजेरीपट लिहीत बसलो होतो. सहज मागं वळलो तर तांब्या जमिनीवर पडलेला, सगळीकडे पाणी, आणि ती भिंतीला टेकून माझ्याकडे टक लावून उभी. डोळे भरलेले. मी म्हणालो, "एवढ्याशा पाण्यासाठी कशाला रडतेस? पुसून काढ."

दुपारी तिनं लसूण घालून तेल कडवलं आणि माझ्या कानात घातलं. सर्दी बाहेर पडते म्हणे. मला सर्दी झालेली नाही. नंतर बाबूजमालच्या दर्ग्यात घेऊन गेली. तिथं तिनं काय मागितलं ते मी विचारलं नाही. मी काय मागितलं ते तिला माहीत असायचं कारण नाही.

रविवार, ता. १२ ऑक्टोबर, हातकणंगले

दसऱ्याची सुट्टी म्हणून अब्बाला बघायला आलो. खरं कारण उद्या पुढं मिरजेला जायचं आहे. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात कान बघतात असं ऐकलं आहे. खतिजाला फक्त अब्बाकडे जातो असं सांगितलं.

अब्बा थकला आहे, पण अजून पिंजतो. आई गेल्यापासून एकटाच. मी म्हणालो, "अब्बा, तब्येत कशी आहे?" तो म्हणाला, "सकाळच्या गाडीनं आलास व्हय? बरं केलंस." मी म्हणालो, "नाही, तब्येत!" तो म्हणाला, "जेवूनच जा." शेजारचे हंबीरराव ओट्यावर बसले होते, ते हसून हसून लाल झाले. मोठ्यानं ओरडले, "दोगं बाप-लेक असं बोलताय जनू एक पंचगंगेच्या अल्याड नि एक पल्याड!"

रात्रीचं जेवण झाल्यावर मी अब्बाजवळ सरकलो आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, तुला ऐकू कधीपासून येत नाही?

"तुज्या वयाचा असताना गेलं," तो म्हणाला. जसं काही दात पडल्याचं सांगावं. "आमच्या बाचं बी गेलतं. कुनाला सांगायचं? पिंजाऱ्याला कान न्हाय लागत. धनुकली हाताला कळती."

मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं काही विचारेल. त्यानं दिवा बारीक केला आणि माझ्या अंगावर वाकळ घातली. मी लहान असताना घालायचा तशी, पायाच्या बोटांपर्यंत खेचून.

मंगळवार, ता. १४ ऑक्टोबर

मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरांनी कानात नळी घालून बघितलं, मग एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून कानामागच्या हाडावर टेकवला. कंपाउंडर माझ्या कानात ओरडून विचारत होता आणि मी सांगत होतो. डॉक्टरांनी बापाचं विचारलं, आज्याचं विचारलं. मग ते दोन वाक्यं बोलले. कंपाउंडर आधी पाणी प्यायला, मग म्हणाला, "साहेब म्हणतात, औषध नाही. वाढत जाईल. धंदा काय करता?"

मी म्हणालो, "पिंजारी." का म्हणालो ते मला सांगता येणार नाही.

"मग हरकत नाही," तो म्हणाला.

सोमवार, ता. ३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. सुट्टीत आणखी गेलं. चिमण्या पूर्वीच गेल्या होत्या, आता शाळेची घंटाही फक्त हातोडा पडताना दिसला तरच कळते. आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा डोक्यात घुमतो.

एक गोष्ट मात्र चांगली घडली आहे. वर्गाला शिस्त लागली. बोलायचं असलं की मुलगा आधी हात वर करतो, मी बघितलं की मगच उभा राहतो, माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलतो. एकानंही मागून बोलू नये असं मी कितीदा बजावलं होतं, दोन वर्षांत जमलं नव्हतं. आता आपोआप जमलं. हेडमास्तर दारात उभे राहून बराच वेळ बघून गेले. साहेबांना हे नक्की आवडेल.

मी ओठांकडे बघून ओळखायला शिकतो आहे. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात, तिथं फसतो. बाकी जमतं.

सोमवार, ता. १७ नोव्हेंबर

आज मी बरोबर केलं की चूक, माहीत नाही.

साहेब बुधवारी, सव्वीस तारखेला येणार असं ठरलं. मी फळ्यावरच्या नकाशात नद्या काढत होतो. खिडकीतून दिसलं, सयाजीराव हेडमास्तरांच्या खोलीत हातवारे करून काहीतरी सांगत आहेत. मला बघून दोघंही गप्प झाले. माझ्याबद्दलच असणार. माझा वर्ग त्यांनी तयार केला असं सांगत असतील.

शाळा सुटल्यावर मी स्वतः हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, साहेब, माझ्या वर्गाचं शुद्धलेखन आणि तोंडी हिशेब मला परत पाहिजेत. माने मास्तरांनी ते गोड बोलून काढून घेतले आहेत. तपासणीच्या दिवशी वर्ग मीच घेईन.

हेडमास्तरांनी काहीतरी विचारलं. मी ओठांकडे बघत होतो, त्यांच्या मिशीमुळं नीट दिसत नाही. मी म्हणालो, "अगदी खात्री आहे." त्यांनी मान हलवली आणि कपाळावर हात फिरवला.

मंगळवार, ता. १८ नोव्हेंबर

सयाजीराव सकाळी माझ्या वर्गाच्या दारात आले. मोठ्यानं बोलले असावेत, कारण मला थोडं ऐकू आलं. "नदाफ मास्तर, ह्यो हट्ट धरू नगा. साहेब जाईस्तवर तरी." मी म्हणालो, माझा वर्ग आहे, मला शिकवू नका. पोरांसमोर म्हणालो. ते निघून गेले. त्यांचे खांदे मी असे पडलेले कधी बघितले नव्हते.

मंगळवार, ता. २५ नोव्हेंबर

उद्या. चौथा धडा, औटकी, तोंडी हिशेब पाच. कोणत्या क्रमानं कुणाला विचारायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. उत्तरं ऐकायची गरजच पडणार नाही. मुलांना येतं, मला माहीत आहे.

खतिजानं कोट घासून ठेवला आहे.

बुधवार, ता. २६ नोव्हेंबर

आज लिहवत नाही.

शुक्रवार, ता. २८ नोव्हेंबर

लिहून ठेवतो. नाहीतर उगाच डोक्यात बदलत जाईल.

पहिला अर्धा तास ठरवल्याप्रमाणं झाला. साहेब वर्गाच्या मागच्या बाजूला खुर्चीवर होते. म्हातारे, भल्या चेहऱ्याचे गृहस्थ. गुंडूनं औटकी म्हटली, मी बोटांवर मोजत गेलो आणि त्याचे ओठ थांबले तेव्हा "शाबास" म्हणालो. मग हिशेब लिहायला मी फळ्याकडे वळलो. सहा ओळींचा हिशेब होता. मी सुवाच्य अक्षरात लिहीत राहिलो.

वळून बघतो तर सगळा वर्ग उभा. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पोरं. बाकांवर हात टेकून, माझ्याकडे डोळे लावून. माझ्या अंगाची आग झाली. आजच्या दिवशी हा दंगा! मी ओरडलो, "खाली बसा! सगळे खाली बसा!" हळूहळू बसले. गुंडू तेवढा बसला नाही. तो हात लांब करून माझ्या मागं दाखवत होता. मी टेबलावरची छडी उचलली आणि त्या लांब केलेल्या हातावर मारली. जोरात. त्यानं हात मागं घेतला नाही. तसाच दाखवत राहिला.

मग मी बघितलं. साहेब खुर्चीवरून उठून दाराशी येऊन उभे होते, माझ्यापासून चार हातांवर. त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांनी मला एकदा नाही, पुष्कळदा हाक मारली होती.

त्यांचे ओठ हलले. मी धीर करून म्हणालो, "एक्केचाळीस, साहेब. सगळे हजर आहेत."

साहेबांनी हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तर पुढं आले, पहिल्या बाकावरची पाटी उचलली आणि लिहून माझ्यापुढं धरली. 'साहेब विचारतात, तुमचं शिक्षण कुठं झालं?'

मी ते वाचलं. इतकं सोपं होतं. सांगायला माझ्याजवळ केवढं तरी होतं. मी फक्त हातकणंगले म्हणालो. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, वर्गात कुणीतरी डोळे पुसत होतं. कोण ते बघण्याचा धीर झाला नाही.

रविवार, ता. ३० नोव्हेंबर

सयाजीराव घरी आले. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण खतिजानं त्यांना आत बसवलं. त्यांनी काखेतून पाटी काढली आणि कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहायला लागले. एक भरली की मला वाचायला द्यायची, पुसायची, परत लिहायची. ते बोलतात तसंच लिहितात.

'मला आखाडापासनं ठावं हाय.'

'पोरास्नी त्याच्या आदीपासनं. गुंडूनं सगळ्यास्नी शपत घातलीती. हात वर करायचा, तोंडाम्होरं बोलायचं. मागलं उत्तर त्यो म्हननार.'

मी विचारलं, आणि हेडमास्तर?

'त्येनला बी. म्या गेलतो त्या दिशी त्येंच्याकडं. म्हनलं तपासनीला नदाफ मास्तरास्नी रजा द्या, वर्ग मी घेतो. ते तयार हुते. तेवढ्यात तुमी जाऊन मागून घेतलासा.'

मी पाटी हातात धरून बसलो. मी म्हणालो, सयाजीराव, मला का सांगितलं नाही?

त्यांनी लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी पाटीवर एवढंच होतं, 'कसं सांगनार?'

मी खतिजाकडे वळलो. तुलाही माहीत होतं? तिनं पदर तोंडाला लावला. आणि मला तो सांडलेला तांब्या आठवला, आणि मी तिला पुसून काढ म्हणालो होतो ते आठवलं.

मंगळवार, ता. ९ डिसेंबर

मोहरमची दहावी. गल्लीत ताबूत निघाले. माणसं खांद्याला खांदा लावून उभी, हिंदू, मुसलमान सगळी, आणि सगळ्यांची तोंडं उघडी. ताशे छातीत जाणवत होते, कानात नाही. इतक्या गर्दीत मी कधी इतका एकटा नव्हतो. खतिजानं बाही धरून मला घरी आणलं.

काल हुकूम आला. साहेबांनी मला काढलं नाही. दप्तरखान्यात नकलनवीस म्हणून नेमलं. हेडमास्तरांनी पाटीवर लिहिलं की साहेबांनी तुमच्या अक्षराचं फार कौतुक केलं. दुसऱ्या कुणी मला याहून जास्त दया दाखवली असती असं वाटत नाही. पण वर्गात पुन्हा उभं राहायचं नाही.

शुक्रवार, ता. १२ डिसेंबर

आज वर्गाचा निरोप घेतला. भाषण करणार होतो, पण माझा आवाज मोठा होतो की लहान हे मला कळत नाही, म्हणून केलं नाही. फळ्यावर लिहिलं, 'नीट अभ्यास करा.' सगळे उभे राहिले. या वेळी मी खाली बसा म्हणालो नाही.

गुंडूला जवळ बोलावलं आणि म्हणालो, "हात पुढं कर." त्यानं छडीसाठी करतात तसाच हात पुढं केला, बोटं ताठ, मान वळवलेली. मी त्याला काय सांगणार होतो ते सगळं विसरलो. त्याच्या हातावर मारल्याची खूण नव्हती, पंधरा दिवसांत राहतही नाही. मी दोन्ही हातांत तो हात धरला. तो काहीतरी म्हणाला. नेहमीसारखं माझ्याकडे तोंड करून, सावकाश. पण माझे डोळे भरले होते आणि मला त्याचे ओठ दिसले नाहीत.

रविवार, ता. ११ जानेवारी १९१४

दप्तरखान्यात दिवसभर जुन्या कागदांच्या नकला करतो. कुणी बोलत नाही, मला कुणी विचारत नाही. अब्बाला कळवलं. त्यानं हंबीररावांकडून लिहवून उत्तर पाठवलं, 'काम बसून हाय हे बरं.'

आता जे उरलंसुरलं होतं तेही गेलं. सयाजीराव रविवारी येतात, पाटीवर बोलतात. ज्याला अक्षर येतं तो कुणीही माझ्याशी बोलू शकतो. घरात मात्र कुणी बोलू शकत नाही, कारण खतिजाला अक्षर येत नाही. ती खुणा करते. भूक, पाणी, दार, पाहुणा. त्यापलीकडचं सगळं तिच्या पोटातच राहतं. परवा ती खुणेनं काहीतरी सांगत होती, मला कळेना. तिनं चार प्रकारे करून दाखवलं. शेवटी चुलीपुढं जाऊन बसली आणि माझ्याकडे पाठ केली.

काल तिनं स्वतः पाटी आणून माझ्यापुढं ठेवली. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

इतकी वर्षं लोकांची पोरं शिकवली, तिला शिकवायचं मला सुचलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या पद्धतीनं सुरुवात केली. तिच्या ओळखीच्या वस्तू घेतल्या. मिठाचा डबा समोर ठेवला, पाटीवर 'मीठ' लिहिलं, बोट ठेवून म्हणून दाखवलं. पिठाचा डबा ठेवला, 'पीठ' लिहिलं. तिनं गिरवलं. वळण चांगलं आहे. माझ्या कितीतरी पोरांपेक्षा चांगलं.

आज डबे आत ठेवले आणि पाटीवर नुसता शब्द लिहिला, 'मीठ'. तिला म्हणालो, वाच.

तिनं अक्षरावर बोट ठेवलं, कपाळाला आठ्या घातल्या. ओठ मिटले, उघडले. मग माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे करून, पहिल्यांदा उत्तर देणारं पोर बघतं तसं. तिनं मीठ म्हटलं की पीठ, मला कळलं नाही. मी म्हणालो, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. ओठ मिटले, उघडले.

ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "बरोबर."

तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. मग तिनं पाटी पुसली आणि पुढचा शब्द लिहायला माझ्यापुढं धरली.